सुभद्रा कोणी व्हावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘संगीत सौभद्र’च्या तालमींना आरंभ करताना सभासदांपुढे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासाठी आपल्या मंडळाने ‘संगीत सौभद्र’ करावयाचे ठरविले तेव्हा सर्वांनाच आनंद झाला. अर्जुन कोण, कृष्ण कोण, नारद कोण यावर फारसा वाद झाला नाही. बलरामाची निवड तर आवाजाच्या बळावर एकमताने झाली. गणेशोत्सवात ध्वनिक्षेपक बिघडला की आपण ज्यांना पुढे करतो तेच ते. परंतु सुभद्रा कोणी व्हावे, हा प्रश्न निघाला आणि हळदीकुंकवापासून वाचनालयाच्या ओसरीपर्यंत दुसरा विषय उरला नाही. नाट्यशाखेचे काम सध्या आमच्याकडे असल्यामुळे, झालेल्या निवडीमागील विचार सर्वांपुढे मांडावा अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. ती शिरोधार्य मानून आम्ही येथे उभे आहोत.

आम्ही गवई नव्हे आणि नटही नव्हे. बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या नोकरीत फायली उलटण्यात आजवरचे आयुष्य गेले. अशा माणसाने संगीत नाटकावर बोलावे काय, अशी शंका कोणाच्या मनात येईल. तिला आमच्यापाशी एकच उत्तर आहे. ज्यांनी ‘सौभद्र’ लिहिले ते अण्णासाहेब किर्लोस्कर हेही पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. तेवढ्या एका नात्याच्या आधाराने चार शब्द बोलतो.

‘सौभद्र’ रंगभूमीवर आले ते १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, पुण्यास. त्यापूर्वी दोन वर्षे, १८८० साली, अण्णासाहेबांचे ‘शाकुंतल’ झाले होते. परंतु ‘शाकुंतल’ कालिदासाचे. ‘सौभद्र’ हे अण्णासाहेबांच्या स्वतंत्र बुद्धीचे अपत्य. कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. बलरामदादांनी बहिणीला दुर्योधनास देण्याचे ठरविलेले, तिचे मन अर्जुनावर, अर्जुन यतीचा वेष घेऊन दाराशी आलेला, आणि हे सारे सूत्र हलविणारा श्रीकृष्ण. म्हणावयास हे द्वारकेतील यादवांचे घर. पण त्या घरातील माणसे रुसतात, चिडतात, मनधरणी करतात ती आपल्या मराठी घरांतल्यासारखी. सुभद्रा देवाची बहीण खरी, पण ती बोलते घरातल्या लाडक्या लेकीसारखी. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण आमच्या पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

या सुभद्रेच्या भूमिकेचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. पहिली सुभद्रा स्त्री नव्हती, आणि ती पुण्याचीही नव्हती. बडोद्याहून आणलेले भाऊराव कोल्हटकर हे पहिली सुभद्रा, आणि मोरोबा वाघोलीकर हे पहिले अर्जुन. भाऊरावांचा आवाज उंच, धारदार आणि भरघोस. १९०१ साली ते गेले तेव्हा सुभद्राच गेली, असे रसिकांना वाटले असल्यास नवल नाही. पण १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, दाखल झाले, आणि सुभद्रेला दुसराच कंठ मिळाला. भाऊरावांच्या गाण्यात झेप, तर बालगंधर्वांच्या गाण्यात आर्जव. एकाच भूमिकेची ही दोन रूपे. यांतील खरी सुभद्रा कोणती, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही खऱ्या.

पुढे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात असा काळ आला. १९३०च्या आसपास हिराबाई बडोदेकर आपल्या भावंडांसह स्वतःची नाटक मंडळी घेऊन रंगभूमीवर उभ्या राहिल्या. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केले, त्यात ज्योत्स्नाबाई भोळे यांनी काम केले. आणि १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’तील त्यांच्या भानुमतीने स्त्रीने रंगभूमीवर सहजतेने कसे वावरावे याचा वस्तुपाठच घालून दिला. त्यानंतर शिलेदार कुटुंबाने १९४९पासून ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेच्या द्वारे जुनी संगीत नाटके जागती ठेवली. जयमालाबाई २०१३ साली गेल्या. त्यांच्या कन्या कीर्तीताई २०१८ साली नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२२ साली त्याही गेल्या. अशा रीतीने ही भूमिका एका कंठातून दुसऱ्या कंठात जात आली आहे, आणि प्रत्येक वेळी ‘आता पूर्वीचे राहिले नाही’ असे म्हणणारे निघाले आहेतच. आपल्या मंडळातही ते निघाले, यात विशेष काही नाही.

आता ही भूमिका नटीपाशी मागते तरी काय, ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे वाणी. संगीत नाटक आणि गाण्याची बैठक यांत फरक काय? बैठकीत गाणारी व्यक्ती गाण्यासाठीच बसलेली असते. नाटकात पात्र बोलत असते, आणि बोलता बोलता बोलणे अपुरे पडते म्हणून ते गाऊ लागते. गद्य जेथे संपते आणि पद जेथे सुरू होते तेथे सांधा दिसता कामा नये. जिचे बोलणे खरे नाही तिचे गाणे कितीही सुरेल असले तरी ते वरून चिकटविल्यासारखे वाटते. म्हणून सुभद्रा शोधताना आधी गाणे ऐकू नये. आधी बोलणे ऐकावे, असे आमचे मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे संयम. ‘सौभद्रा’त मुळात शंभरावर पदे आहेत. साक्या, दिंड्या, कामदा, लोकांच्या ओठी असलेल्या चाली, कानडी चाली आणि रागदारी असा तो संसार आहे. तेव्हाचे प्रयोग रात्र रात्र चालत. आपल्याला तीन तासांत आटोपावयाचे आहे, म्हणून आपण पंचवीस पदे ठेविली आहेत. १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या वळणाच्या चाली दिल्या, तेथे गायकीला वाव अधिक. ‘सौभद्रा’चे तसे नाही. येथील साकी ही साकीसारखीच म्हटली पाहिजे. तिच्यावर तानांचे डोंगर रचले तर सुभद्रा त्यांखाली सापडते. ज्या नटीला ‘वन्स मोअर’चा मोह आवरतो तीच येथे शोभते.

तिसरी गोष्ट सुराची. पूर्वी सुभद्राही पुरुष आणि अर्जुनही पुरुष, त्यामुळे साथीदारांना दोघांचे सूर जुळविण्याची मोठी अडचण नसे. आता अर्जुन काळी एकमध्ये गातो आणि सुभद्रा काळी चारच्या आसपास. त्यात एक सोय अशी की, काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. अर्जुनाच्या पंचमावर सुभद्रेचा षड्ज येतो आणि ऑर्गनवाल्याला एका पदातून दुसऱ्या पदात जाताना कानाला धक्का न देता जाता येते. परंतु नटीचा सूर याच्या अर्धा पाऊण स्वर खाली वा वर असला तर प्रत्येक पदापाशी प्रेक्षक दचकतो. हे गणित निवडीच्या वेळीच करावे लागते. तालमी सुरू झाल्यावर ते करू म्हणाल तर उशीर झालेला असतो.

आता आपल्यापुढे आलेल्या नावांकडे वळू. नावे तीन होती. ती उच्चारण्याचे कारण नाही. आपण सर्व जाणताच.

पहिली सूचना अशी की, महाराष्ट्रातील एखाद्या नामवंत गायिकेस पाचारण करावे. सुवर्णमहोत्सव एकदाच येतो, तिकिटे हातोहात खपतील, शहरातील हिंदी भाषिक रसिकही येतील. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, आणि हिशेबही चुकीचा नव्हता. परंतु अशी गायिका प्रयोगाच्या दोन दिवस आधी येणार, तालीम एकच होणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत जाणार. आपले अर्जुन आणि कृष्ण तिच्याभोवती अदबीने उभे राहणार. त्याला फार तर वेषभूषेसह झालेली मैफल म्हणता येईल. ‘सौभद्र’ म्हणता येणार नाही.

दुसरे नाव आपल्या वहिनींचे. गेली पंचवीस तीस वर्षे गणेशोत्सवात नाट्यगीते ऐकली ती त्यांच्याच तोंडून. मंडळावर त्यांचे ऋण आहे, आणि त्यांचे नाव पुढे येणे हे स्वाभाविकच होते. तिसरे नाव एका तेवीस वर्षांच्या मुलीचे. तिचे आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त लखनौस आले. वडील येथेच वाढले. ती येथेच जन्मली. गेली सात वर्षे ती ख्याल शिकते आहे. गळा तयार, सूर काळी चार. पण घरी मराठी आणि बाहेर सारे हिंदी, त्यामुळे ती ‘पाणी प्या’ न म्हणता ‘पाणी पिऊन घ्या’ म्हणते. हे ऐकून येथे कोणी हसू नये. आपल्यापैकी किती घरांत आज हेच ऐकू येते, ते आपण आपल्याशीच आठवून पाहावे.

निवडीसाठी आम्ही दोघींना एकच प्रवेश दिला. लग्न आपल्या मनाविरुद्ध ठरते आहे हे कळल्यावरचे सुभद्रेचे बोलणे आणि त्यातून उगवणारे पद. अट एवढीच की, पेटीने सूर देईपर्यंत थांबावयाचे नाही. बोलता बोलताच पदात शिरावयाचे. वहिनींचे पद निर्दोष झाले. परंतु पद सुरू होताच त्यांचे डोळे मिटले, हात तालावर गेला, आणि आमच्या समोर गणेशोत्सवातील त्यांची ती तृप्त मूर्ती उभी राहिली. मुलीचे बोलणे अडखळले. ‘कळले’ हा शब्द ‘कलले’ असा आला. पण शेवटच्या वाक्याला तिचा स्वर जरा दाटला, आणि तो दाटलेला स्वरच वर चढून पद झाला. पद कोठे सुरू झाले ते आम्हां परीक्षकांपैकी एकालाही सांगता आले नाही.

खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. मग वहिनीच म्हणाल्या, “भाऊ, माझं गाणं होतं. सुभद्रा हिची होते.”

हे उद्गार आम्ही मुद्दाम येथे सांगत आहोत. कारण वहिनींवर अन्याय झाला, असे बाहेर बोलले जाते. त्यांनी ते मानलेले नाही, तर आपण का मानावे? इतकेच नव्हे, तर मुलीच्या वाणीची तालीम त्यांनी आपल्याकडे घेतली आहे. रोज सायंकाळी त्यांच्या घरी दीड तास बसणे चालते. परवा आम्ही सहज डोकावलो तेव्हा मुलगी विचारीत होती, “मावशी, ‘माझा’ आणि ‘माझी’, दोन्हींत झ एकच ना?” वहिनी म्हणाल्या, “लिहायला एकच, गं. बोलायला नाही. ‘माझा’ म्हणताना जीभ दाताशी ने, ‘माझी’ म्हणताना टाळूशी.” मराठी घरात वाढलेल्या मुलाला हे कोणी शिकवीत नाही, ते आपोआप येते. आपल्या मुलांना ते शिकवावे लागते. ‘चाहूल’मधला च निराळा आणि ‘चित्त’मधला निराळा, ‘जाऊ’तला ज निराळा आणि ‘जीव’तला निराळा, हे लिपी सांगत नाही. हिंदीत ही जोडी नाही, आणि आपला ळही नाही. लिपी एकच असल्यामुळे हिंदी प्रदेशातील मराठी मुलाला आपण वाचतो ते बरोबरच, असे वाटत राहते.

परीक्षकांत एकमत झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. आमचे एक ज्येष्ठ स्नेही अखेरपर्यंत विरोधात होते. त्यांचे म्हणणे असे की, जिला ळ येत नाही तिला सुभद्रा देणे म्हणजे कौतुकापोटी दर्जा सोडणे होय. मुलांना उत्तेजन द्यावयाचे तर बालनाट्य आहे, सुवर्णमहोत्सवाचे ‘सौभद्र’ कशाला? त्यांचे म्हणणे आम्ही टाकाऊ मानीत नाही. भाषा हा नाटकाचा प्राण आहे असे आम्हीच आरंभी म्हटले. मग त्या भाषेतील उणीव क्षुल्लक कशी मानणार? म्हणून ही निवड सशर्त केली आहे. दिवाळीपर्यंत वाणी स्वच्छ झाली पाहिजे. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी हेच स्नेही परीक्षक म्हणून बसतील, आणि त्यांचा निर्णय अखेरचा राहील. मुलीला हे सांगितले आहे. तिने अट मान्य केली आहे. दयेची भूमिका तिला नको आहे, आणि आपल्यालाही द्यावयाची नाही.

परंतु, ‘मराठी हिच्या वळणाची नाही, म्हणून ही मराठी नायिका होऊ शकणार नाही’ असे जे सरसकट म्हटले जाते, ते मात्र इतिहासास धरून नाही. १९३८च्या सुमारास बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील बिळगीच्या त्या. घरचा धर्म निराळा, मातृभाषा निराळी. त्यांनी मराठी नायिका उभ्या केल्या, आणि बालगंधर्वांची गायकी इतकी आत्मसात केली की ऐकणाराने थक्क व्हावे. ज्योत्स्नाबाई गोव्याच्या. खुद्द अण्णासाहेब किर्लोस्करांचे जन्मगाव गुर्लहोसूर, ते आज कर्नाटकात आहे. देवलांच्या ‘शारदे’चा पहिला प्रयोग १८९९ साली झाला तो इंदुरास, आणि गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ साली प्रथम रंगभूमीवर आला तो बडोद्यास. मराठी संगीत नाटकाचे घर केवळ पुण्यामुंबईत होते असे मानणे म्हणजे त्या नाटकालाच न ओळखणे होय. ते पहिल्यापासून सीमेवर आणि सीमेपलीकडे वाढलेले आहे. तेथील माणसांनी ते कष्टाने कमावले. आयते मिळाले म्हणून मिरविले नाही.

आणि आपले हे लखनौ शहर तरी या कथेबाहेर कोठे आहे? पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय उभे केले. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले. गंधर्व नाटक मंडळीत ज्यांच्या तबल्याच्या साथीने बालगंधर्वांची पदे रंगली, ते उस्ताद अहमदजान थिरकवा उत्तरायुष्यात याच महाविद्यालयात शिकवीत होते आणि १९७६ साली याच शहरी त्यांचे देहावसान झाले. मराठी माणसांनी येथे येऊन विद्या वाटली. मुरादाबादच्या उस्तादांनी महाराष्ट्रात जाऊन मराठी नाटकाला ठेका दिला. आज त्याच संगीताच्या परंपरेत शिकलेली आपली मुलगी मराठी पद म्हणावयास उभी राहते आहे, हे आम्हाला मोठे समाधानाचे वाटते.

आता अखेरचा आणि आमच्या दृष्टीने मुख्य मुद्दा. आम्ही बदलीचे नोकर. आजवर चार शहरांत राहिलो आणि चारही ठिकाणच्या मराठी मंडळांचे सभासद झालो. सर्वत्र एकच चित्र दिसले. पहिली पिढी नाटक करते, दुसरी पिढी नाटक पाहते, आणि तिसरी पिढी नाटकाच्या रात्री घरी अभ्यास असल्याचे सांगते. मंडळाची पन्नास वर्षे झाली याचा अर्थ आपण आता तिसऱ्या पिढीच्या उंबरठ्यावर उभे आहोत. अशा वेळी नायिका बाहेरून आणली तर प्रयोग उत्तम होईल, छायाचित्रे निघतील, आणि दुसऱ्या दिवशी मंडळ होते तेथेच राहील. नायिका घरातली असेल तर तिच्याबरोबर तिच्या मैत्रिणी तालमीला येतील, तिचा धाकटा भाऊ पडदा ओढावयास येईल, आणि तीन महिने ती साकी निदान दहा घरांतून ऐकू येईल. असे आधीच होऊ लागले आहे. आमच्याच वसाहतीत जिन्यावरून उतरणारी एक चिमुरडी परवा दिंडी गुणगुणत होती. शब्द निम्मेच बरोबर होते, चाल मात्र पक्की होती.

तरीही एक गोष्ट पुन्हा स्पष्ट करतो. पिढी टिकावी म्हणून आम्ही तिला निवडलेले नाही. त्या दिवशी दोघींत सुभद्रा तिची झाली, म्हणून निवडले. पिढीचा लाभ हा त्यामागून येणारा आहे. क्रम उलटा झाला असता तर आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांबरोबर आम्हीही विरोधात मत दिले असते.

आपणां सर्वांकडे एक मागणे आहे. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. आता तर त्या खिशातल्या फोनवर वाजतात. जुन्या तबकडीवर तीन साडेतीन मिनिटांत मावेल तेवढेच पद उतरत असे. रंगभूमीवर तेच पद रसिकांच्या आग्रहाने कितीतरी वेळ चाले. म्हणजे आपण ज्याच्याशी तुलना करतो तोही त्या गाण्याचा एक तुकडाच आहे. प्रयोगास येताना तो कानात घेऊन येऊ नये. ही सुभद्रा काय बोलते ते ऐकावे, आणि बोलण्यातून गाणे उगवते की नाही एवढे पाहावे. तालमीही सर्वांना खुल्या आहेत. येताना मुलांना घेऊन यावे, आणि उच्चार खटकला तर मधल्या सुटीत मुलीला जवळ घेऊन सांगावे, मागे कुजबुजू नये.

दिवाळीनंतरच्या रविवारी काय निर्णय लागेल, ते आज आम्ही सांगू शकत नाही. वहिनींच्या घरी दिवा लागतो आणि ‘माझा’, ‘माझी’ची उजळणी सुरू होते, एवढे मात्र रोज येता-जाता ऐकतो. तालमीची वेळ सायंकाळी सात. स्थळ, मंडळाचे सभागृह. नांदी उद्यापासून बसवावयाची आहे, तरी नांदीतील सर्वांनी वेळेवर यावे, ही विनंती.